समासातली जागा

चष्मेवाला पहिल्यांदा नोंदघरात आला तेव्हा वहीवालीच्या चष्म्याची उजवी काडी शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली होती. त्याने आधी ती काडी पाहिली आणि मग तिला पाहिलं. हे तिने पुढे त्याला पुष्कळदा ऐकवलं.

नोंदघर म्हणजे चर्चच्या मागची एक लांबट खोली. दोन खिडक्या, एक मोठं टेबल, आणि भिंतभर कपाटांत परक्या सरकारच्या काळापासूनच्या वह्या… बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, मृत्यूंच्या. आठ वर्षं ही मुलगी त्या वह्या सांभाळत होती, त्यांची सूची करत होती. कुणाला आपल्या घराण्याचं मूळ शोधायचं असलं की तो तिच्याकडे यायचा. त्यामुळे गावात तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती वहीवाली झाली. तिची आई म्हणायची, “जिवंत माणूस समोर आला तर हिला कंटाळा येतो. मेलेला असला की मात्र त्याच्या आज्यापर्यंत चौकशी.”

बाहेर पाऊस होता. चष्मेवाला दारात उभा राहून छत्री झटकत होता.

“छत्री बाहेर,” ती म्हणाली. “पेन त्या थाळीत ठेवा, आत चालत नाही. हात पुसा. आणि हा अर्ज भरा. पेन्सिलने.”

“श्वास घेतलेला चालतो ना?”

“घ्या. वहीवर सोडू नका.”

त्याने निमूट अर्ज भरला. तिने चष्मा एका हाताने नाकावर धरून तो वाचायला घेतला, वर-खाली केला, खिडकीपाशी नेला.

“हे काय लिहिलंय?”

“कारण.”

“ते छापलेलंच आहे. त्याच्यापुढे काय लिहिलंय?”

“आत्याची हौस.”

“दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांचं अक्षर मला लागतं. तुमचं लागत नाही.”

“तुटका चष्मा लावून माझ्या अक्षराला नावं ठेवू नका,” तो म्हणाला. त्याने खिशातून करंगळीएवढा पेचकस काढला. “पेन चालत नाही म्हणालात. हा चालतो?”

पेचकसाबद्दल नियमात काहीच नव्हतं. तिने चष्मा काढून दिला. तो काडी बसवत होता तेवढा वेळ तिला समोर नुसता एक धूसर निळा सदरा दिसत होता, आणि त्या सदऱ्याला साबणाचा वास येत होता. चष्मा परत डोळ्यांवर चढला तेव्हा सदऱ्याच्या वर एक हसरा चेहरा होता. जरा जास्तच जवळ. ती खुर्ची मागे घेऊन कामाला लागली.

काम असं होतं. चष्मेवाल्याला लहानाचा मोठा केला त्याच्या आत्याने. आत्या आता एकोणऐंशी वर्षांची. तिचे आजोबा, म्हणजे याचे पणजोबा, चर्चची घंटा वाजवायचे. त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव तेवढं घरात माहीत होतं. त्यांचे आईबाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने धोशा लावला होता की मरायच्या आधी मला तेवढं कळू दे, वर गेल्यावर कुणाच्या घरी उतरायचं ते तरी ठरवता येईल.

“नाव माहीत आहे म्हणजे निम्मं काम झालं,” तो म्हणाला.

“काही झालेलं नाही,” तिने वही उघडली. “गोऱ्या पाद्र्याकडे जेमतेम दहा-बारा नावं होती. आला मुलगा की त्यातलंच एक चिकटवायचं. या एका पानावर बारा मुलं आहेत, त्यातल्या पाच जणांचं नाव तुमच्या पणजोबांचंच. आता कोणता तुमचा, ते आईबापांवरून आणि पत्त्यावरून ओळखायचं.”

वहीची मांडणी तिने बोट न टेकवता दाखवली. समोरासमोरची दोन पानं मिळून एक ओळ. डाव्या पानावर तारीख आणि मुलाचं नाव. मधली शिवण ओलांडली की उजव्या पानावर त्याच ओळीत आई, बाप, बापाचा धंदा, धर्मपिता, धर्ममाता आणि पाद्र्याची सही.

“आणि ही बाजूची रिकामी पट्टी?”

“समास. पुढे त्या मुलाचं लग्न झालं की कधी, कुठे, कुणाशी, ते इथे लिहितात. परगावी झालं तरी तिथला पाद्री पत्राने कळवतो.”

“म्हणजे सुटका नाही.”

“नाही.”

“तुमच्या नावापुढचा समास काय म्हणतो?”

“ती वही बंद आहे,” ती मान वर न करता म्हणाली. “शंभर वर्षं झाल्याशिवाय परक्याला दाखवत नाहीत.”

“थांबेन की. घाई कुणाला आहे?”

त्यानंतर दर शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाला कुलूप लागायला लागलं. गिऱ्हाइकं दारावर येऊन परत जात होती आणि दुकानदार नोंदघरात बसून मेलेल्या माणसांचे धंदे वाचत होता. घंटावाल्या पणजोबांच्या नावाचे एकोणीस जण निघाले. त्यातले काही तान्हेपणीच गेलेले होते, काही दुसऱ्या वस्तीतले होते, एकाने लग्न परदेशी केलं होतं. यादी कमी होत होती, आणि ती कमी होऊ नये असं दोघांनाही वाटायला लागलं होतं. तिसऱ्या शनिवारी त्याने तिच्यासाठी चष्म्याची डबी आणली. चौथ्या शनिवारी ती सकाळपासून तीन वेळा खिडकीपाशी जाऊन आली. पाचव्या शनिवारी दोघांची बोटं एकाच पानाच्या कोपऱ्यावर आली, आणि पान उलटायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. तो आवडला होता तिला. तिने स्वतःशी ते कबूलही करून टाकलं, उगाच आढेवेढे न घेता.

सातव्या शनिवारी पणजोबा सापडले.

“घंटा वाजवत असत, असं समासात लग्नाच्या नोंदीत आहे,” ती म्हणाली. “हेच ते. आता बाप… बाप जहाजावरचा सुतार, राहणार बंदरामागची गल्ली…”

पुढे तिला वाचवेना. ती नावं तिला पाठ होती. तिच्या घरी दिवाणखान्यात, चौकटीत घालून, तिच्याच हातची वंशावळ लावलेली होती आणि तिच्या टोकाला हेच नवरा-बायको होते. जहाजावरचा सुतार, त्याची बायको, बंदरामागची गल्ली. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने आपल्या पणजीची नोंद शोधली होती.

“काय झालं?”

“तुमचे पणजोबा आणि माझी पणजी,” ती हळूच म्हणाली, “सख्खी भावंडं.”

त्याने बोटांवर पिढ्या मोजल्या. परत मोजल्या. गणित तेच येत होतं.

“म्हणजे आपण…”

“हो.”

चर्चचे म्हातारे फादर म्हणाले की एवढ्या लांबच्या नात्याला चर्चची काही हरकत नसते. पण हरकत आहे का असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे वहीवाली कानापर्यंत लाल झाली. चर्चची नसली तरी घरच्यांची होती. आई कपाळावर हात मारून म्हणाली, “काय मेलं नशीब! जावई म्हणून बघून ठेवला होता, भाऊ निघाला.”

आणि आत्या. आत्या दुसऱ्याच दिवशी भाच्याला घेऊन काठी टेकत नोंदघरात आली आणि वहीवालीला तिने पोटाशी धरलं. तिला सोडायलाच तयार नव्हती. “माझ्या रक्ताचं माणूस दोन रस्ते सोडून राहत होतं आणि मला पत्ता नाही. मला वाटलं होतं, हा एकटाच उरलाय माझ्यामागे.” मग दोघांकडे बघून म्हणाली, “आणि तुम्ही दोघं काय ते अहो-जाहो करताय? बहीण-भावांत कसलं अहो? ‘तू’ म्हण त्याला.”

“हो,” वहीवाली म्हणाली. पण तेवढं काही तिच्याच्याने झालं नाही. त्याच्याच्यानेही नाही.

आता खरं तर शोध संपला होता. पण आत्याची भूक वाढली. सुताराला आणखी किती मुलं होती, त्यांचं काय झालं, सगळं हवं. त्यामुळे शनिवार चालूच राहिले. दोघं समोरासमोर बसायचे, कामापुरतं बोलायचे. तो विनोद करायचा नाही. ती खिडकीपाशी जायची नाही. एका संध्याकाळी घरी कपडे वाळत घालताना तिला रडू आलं, आणि आईने बादली तिच्या हातातून घेतली.

असाच एक शनिवार. सुताराची बाकीची मुलं शोधायची, तर सुरुवात पणजीच्या पानापासून करावी म्हणून तिने ते उघडलं. ते पान ती आठ वर्षांत एकदाही निरखून बघत बसली नव्हती. पाठ असलेली गोष्ट कोण बघतं? चष्मेवाल्याने दुकानातून जाड भिंग आणलं होतं. पानाच्या तळाशी त्याने ते धरलं, मग मागची-पुढची पानं उलटून पाहिली.

“वहीतला किडा उडी मारतो का हो?” त्याने विचारलं.

“नाही. तो सरळ आरपार खात जातो.”

“मग याने मारलीय. आधीच्या सगळ्या पानांना भोक खाली आहे, या कोपऱ्यात. या एका पानाला बोटभर वर. पुढच्या पानाला परत खाली.”

तिने भिंग घेतलं. भोक खरंच वर होतं. मग तिची नजर शिवणीकडे गेली. शिवणीत पातळ कागदाची एक पट्टी होती, खळीने चिकटवलेली, कडा अगदी व्यवस्थित कापलेल्या. ती पट्टी तिने ओळखली. ती तिच्याच हातची होती.

आठ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, ही वही उघडताना एक सुटं पान खाली पडलं होतं. वरचे कोपरे वाळवीने खाल्लेले, त्यामुळे पानावर आकडा नव्हता, आणि पाद्र्याने तारखाही मागे-पुढे लिहिलेल्या. कुणाला विचारायची लाज वाटली. जिथे बरं दिसलं तिथे तिने ते चिकटवून टाकलं आणि विसरून गेली. मग त्याच वहीची सूची केली, आणि तिच्या पणजीचं नाव नेमकं त्याच पानाच्या पाठीवर होतं. पान जर चुकीच्या जागी असेल, तर पणजीसमोरच्या उजव्या पानावरचे आईबाप पणजीचे नव्हतेच. ते दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

तिने त्याला हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज एकदा चढला, मग अगदी खाली आला.

“पण मला खात्री नाही,” ती म्हणाली. “मला हवं आहे म्हणून मला तसं दिसत असेल.”

“दुकानात म्हातारी माणसं येतात,” तो सावकाश म्हणाला. “भिंतीवरचा तक्ता पाठ करून आलेली असतात. दिसत काही नाही, धडाधड म्हणून मात्र दाखवतात. मला आत्ता अगदी तसंच झालंय. मलाही तेच दिसतंय, आणि मला माझा भरवसा नाही.”

“मग तुम्ही काय करता त्यांचं?”

“दुसरा तक्ता लावतो.”

“दुसरा तक्ता आहे,” ती म्हणाली. “त्या काळी प्रत्येक चर्चला वर्षअखेरीस वहीची पक्की नक्कल बिशपांच्या कचेरीत पाठवावी लागायची. सरकारचा तसा दंडक होता. ती नक्कल तिथे असेल. पण मागवायची तर कारण लिहावं लागेल. फादरांच्या सहीने.”

कारण एकच होतं. पान तिने चुकवलं होतं. आणि ते एका पानापुरतं नव्हतं. सुटं पान चुकीच्या जागी गेलं की तीन ठिकाणची ओळ मोडते, म्हणजे छत्तीस मुलांना परके आईबाप लागतात. त्यातल्या सात घरांनी तिच्याकडून उतारे नेले होते, सही-शिक्क्यासकट. आठ वर्षांत वहीवालीची चूक दाखव असं गावात पैजेवर म्हणत. वही बंद केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. आत्याही सुखात राहिली असती.

तेच कारण लिहून तिने अर्ज संध्याकाळी फादरांपुढे ठेवला. फादरांनी तो दोनदा वाचला.

“आठ वर्षांत एकदा चुकलीस,” ते म्हणाले, “आणि चुकायला नेमकं स्वतःचंच घराणं निवडलंस. खरं निघालं तर सातही दारांत जावं लागेल, पोरी. पत्राने भागणार नाही.”

“जाईन.”

“आणि खोटं निघालं तर?”

“तर तो माझा भाऊच आहे,” ती म्हणाली. फादरांनी सही केली.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. मधल्या शनिवारी चष्मेवाला आला नाही. तिनेच येऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि मग दिवसभर ती त्याच्यावरच चिडून होती. अकराव्या दिवशी जाड पाकीट आलं. त्याच्यासाठी थांबून दोघांनी मिळून उघडावं असं तिच्या मनात होतं, पण तेवढी ती संत नव्हती. पायरीवरच तिने ते फाडलं. पणजीचं नाव, तीच तारीख. आणि समोर बाप… धंदा, कबरी खणणे. पत्ता, दफनभूमीच्या फाटकापाशी. सुताराचा दूरदूरपर्यंत संबंध नव्हता. ती तिथेच बसली, आधी हसली, आणि मग तिला हुंदका फुटला.

घरी आईने चौकटीतल्या वंशावळीकडे बघितलं. “आठ वर्षं मी सगळ्यांना जहाजावरचे सुतार म्हणून सांगतेय. आता कबरी खणणारे सांगू?”

“तेच खरं आहे.”

“आणि तो चष्मेवाला?”

“कुणी लागत नाही आपला.”

आईने क्षणभर विचार केला. “मग खणेनात का कबरी,” ती म्हणाली आणि स्टूल घेऊन चौकट उतरवायला गेली.

आत्याला सांगणं अवघड होतं. आत्या दुकानाच्या वर राहायची. वहीवाली जिना चढून गेली, समोर बसली आणि सगळं सांगितलं, खळीच्या पट्टीपासून पाकिटापर्यंत. “तुमचं काही बदललेलं नाही. सुतार तुमचेच. मीच तुमची नाही. चूक माझी.”

आत्याने काठीची मूठ दोन-तीनदा चोळली. चष्मेवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि त्याला आत यावं की जावं ते कळत नव्हतं.

“दोन महिने मला भाची होती,” आत्या शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “कुणालातरी सांगायला बरं वाटायचं.”

वहीवालीला वाटलं, उठून पळून जावं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि आधी तिच्याकडे, मग दाराकडे बघितलं.

“नजर अधू आहे माझी, आंधळी नाही मी. भाऊ झाला तेव्हापासून हा धड जेवला नव्हता.” ती हात टेकून उठली. “नात्याने आली होतीस ती गेलीस. आता दुसऱ्या वाटेने ये. घर तेच आहे.”

चष्मेवाला जिन्यावरून खाली गेला आणि कारण नसताना दुकानाचं दार दोनदा उघडून बंद करून आला.

पुढचे पंधरा दिवस वहीवालीने सात दारं पालथी घातली. एका घराने चहा दिला, एकाने दार लावून घेतलं. एका गृहस्थांचे नवे पूर्वज जुन्यांपेक्षा हलक्या धंद्यातले निघाले, तर ते म्हणाले की आम्हाला चुकीचेच असू द्या. एक म्हातारी मात्र सगळं ऐकून म्हणाली की मला आधीपासूनच ते लोक आपले वाटत नव्हते. पान सोडवून जागच्या जागी बसवलं गेलं, या वेळी बांधणीच्या कारागिराकडून, आणि किड्याची भोकं एका रांगेत आली. सूचीतल्या छत्तीस ओळी तिने खोडल्या नाहीत. तशी पद्धतच नसते. प्रत्येकीच्या शेजारी दुरुस्ती लिहिली, तारीख घातली, खाली सही केली. छत्तीस वेळा आपलं नाव चुकीखाली लिहायला तिला पूर्ण एक दिवस लागला.

शनिवारी चष्मेवाला आला. पेन थाळीत ठेवलं, हात पुसले, आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. पाऊस केव्हाच संपला होता, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. बरेच दिवस दोघांनाही एकमेकांकडे सरळ बघता आलं नव्हतं, आता बघितलं.

“आज कुणाला शोधायचं?” त्याने विचारलं.

तिने टेबलावरून एक अर्ज त्याच्याकडे सरकवला. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा अर्ज. तिच्या रेखीव अक्षरात, पेन्सिलने, सगळे रकाने भरलेले… तिचं नाव, तिच्या आईबापांची नावं, तारीख.

“ही तुमची नोंद आहे,” तो म्हणाला. “ती वही बंद असते ना? शंभर वर्षं?”

“परक्याला. ज्याची त्याला मागता येते.” तिने चष्मा विनाकारण सारखा केला. “एक रकाना राहिलाय. तो मला भरता येईना.”

त्याने बघितलं. दाखला कशासाठी हवा, त्याच्यापुढची जागा कोरी होती. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला चर्चला कशासाठी लागतो, हे इतके शनिवार त्या खोलीत बसलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

“मी भरू?”

“पेन्सिलने.”

“आत्याची हौस लिहू?”

“लिहून बघा.”

तो हसला, मग गंभीर झाला. पहिलीतल्या पोरासारखं पेन्सिल घट्ट धरून, जीभ किंचित बाहेर काढून, त्याने एकच शब्द लिहिला. लिहायला खूप वेळ लावला. मग कागद तिच्याकडे फिरवला.

“लागतंय का अक्षर?”

तिने वाकून वाचलं. भिंगाची गरज पडली नाही. लग्न, असं लिहिलं होतं.

“लागतंय,” ती म्हणाली. ती उठून दारापाशी गेली, थाळीतलं त्याचं पेन घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. आठ वर्षांत त्या टेबलावर तिने कुणाचं पेन येऊ दिलं नव्हतं.

“पेन्सिलीचं पुसलं जातं,” ती म्हणाली. “पेनने गिरव तू.”